मे महिन्यातली ओळ

सप्टेंबरात डोंगरावरून मेंढरं उतरली
की आमच्या खोऱ्यात गोल कोंडवाडा भरतो.
मध्ये रिंगण, भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे,
एकेका शेताचा एकेक.
बाबा शिंगं धरून मेंढी दोन पायांत दाबतात,
कान चाचपतात.
टोकाला खाच, मागून दोन चिरा: आमची.
नुसती टोकाला खाच: नदीपलीकडच्या स्टेनवोरची.
चेहरा बघून खात्री करत नाहीत ते.
चेहऱ्यात आपण आपल्याला हवं ते बघतो, म्हणतात.

मीही हेच करते, पगारावर,
सात किलोमीटरवरच्या बिनखिडक्यांच्या इमारतीत,
जिथे नऊशे साठ जीपीयू
आइसलँडचा वारा थंड ओढतात, गरम सोडतात
आणि छपरावर बर्फ टिकत नाही.

भाडेकरू मला कधी दिसत नाहीत.
कुणी मोंतेव्हिदेओत बसून
यंत्राला फुफ्फुसांचे फोटो वाचायला शिकवतंय,
कुणी आक्रात
रेडिओवरची जुनी भाषणं उतरवून घेतंय,
एकाच कपाटात, एकमेकांना खेटून.
माझं काम इतकंच
की आपल्याला शेजार आहे
हे त्यांना कळू नये.

प्रत्येकाचं जाळं वेगळं, किल्ली वेगळी.
भाडं संपलं की कार्डाची स्मृती पुसायची.
पुसायची राहिली तर काही आकडे मागे राहतात
तारेला अडकलेल्या लोकरीसारखे,
आणि लोकरीवरूनही सांगता येतं
कोण इथून गेलं, कोणत्या रंगाचं.

ऑक्टोबरात, एका मंगळवारी, पहाटे तीन बाराला
चौदाव्या रांगेतलं एक कार्ड
काम नसताना तापलं.

भाडेकरू झोपलेला. वीज धावत होती.
आणि बाहेर जाणारी एक बारीक धार,
दर तीस सेकंदांनी
कुठल्याशा पत्त्याला काही सांगून येणारी.
कुणीतरी आमच्या विजेवर नाणी पाडत होतं.
चोर फारसा हुशारही नव्हता.
तेच जास्त लागलं.

ऑर्री फोनवर म्हणाला, आधी तोड, मग विचार कर.
तोडलं.
पंख्यांचा आवाज एक पट्टी खाली आला,
एवढंच.

मग विचार.
कुलूप फोडलेलं नव्हतं.
किल्ली चोरीला गेलेली नव्हती.
फायरवॉलच्या चारशे ओळींतली दोनशे एकोणिसावी:
कुठूनही, कुणीही, या एका पोर्टवर, येऊ द्या.
पुढे शेरा, तात्पुरतं.
शेऱ्यापुढे नाव, ब्रिन्हिल्दुर.
माझं.

मे महिना. रात्र नुसती नावाला.
गोठ्यात कोकरू आडवं आलेलं,
माझा एक हात कोपरापर्यंत मेंढीत,
दुसऱ्या हातात फोन, फोनवर अडकलेलं एक यंत्र.
सुरक्षित रस्त्याला सहा आकडे लागत होते
आणि बोटं ओली होती.
सकाळी बंद करू म्हटलं.
सकाळी जुळं निघालं.

कोकरं जगली. ओळही जगली,
उन्हाळाभर, कुणी न चारता.

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायची सोय नव्हती,
कारण कुंपणाच्या बाजूनं बोलणारी मीच.

ऑर्री म्हणाला, अहवालात लिही, रचनेतली चूक.
छान शब्द आहे. त्यात कुणी राहत नाही.
मी लिहिलं: मी उघडलं, मी विसरले,
एकशे एकेचाळीस दिवस.
मोंतेव्हिदेओला कळवलं. आक्रालाही.
शेजार आहे हे त्यांना
असं कळलं.

घरी पोचले तर बाबा जागे,
कॉफी गार झालेली, रेडिओवर वाऱ्याचा अंदाज.
कशी गेली रात्र?
म्हटलं, एक आत शिरलं होतं.
त्यांनी कप खाली ठेवला.
कानाला काय होतं?

टोकाला खाच, म्हटलं,
मागून दोन चिरा.